मामांनी भरलेला तक्ता

वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण म्हणतील, फेकतोय. म्हणा खुशाल. मला त्याचं काही नाही.

पण भरतेशमामा माझे सख्खे मामा आहेत, प्राची माझी मामेबहीण आहे, आणि हे सगळं मी मामांच्या तोंडून ऐकलंय. शेवटचं तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आणि एक आधीच सांगतो. त्या दिवशी ना अमावस्या होती, ना रात्र, ना जवळपास कुठलं स्मशान.

लख्ख दुपार होती. रविवार, २१ जानेवारी २०२४. चार वाजले होते.

जागा सांगलीतलं एक जुनं नाट्यगृह. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथं कामाला आहेत, त्यांना कशाला त्रास.

मामांचं तासगाव रस्त्याला बेदाण्याचं छोटं दुकान. पण खरा जीव ऑर्गनमध्ये. पायानं भाता मारायचा आणि हातानं पट्ट्या दाबायच्या, तो जुना लाकडी ऑर्गन. मामांचे वडील संगीत नाटकाला ऑर्गन वाजवायचे. मामा लहानपणी त्यांच्या पायाशी बसून अख्खी नाटकं पाठ करायचे. समोरच्या खुर्च्यांत कोण कुठं बसतं तेही त्यांना पाठ होतं.

मामांची एकुलती एक पोरगी प्राची. पुण्यातली चांगली नोकरी सोडून गाण्यासाठी सांगलीला परत आली. गुणमालामामींनी आठ दिवस अबोला धरला होता. पण पोरीचा गळाच असा होता की बोलणाऱ्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं.

नवीन नाटक बसवलं. ‘संगीत पैंजणवेल’. प्राची नायिका, मामा ऑर्गनवर. दहा प्रयोग जाहीर झाले.

पहिल्या प्रयोगाला सगळे पाहुणेरावळे आले. दुसऱ्याला निम्मे. तिसऱ्याला शेजारीपाजारी, तेही ओढून आणलेले.

चौथ्याला तेवीस माणसं होती. त्यातली सात मध्यंतरात वडा खायला म्हणून गेली ती परत आलीच नाहीत.

निर्माते उदयसिंह शिरवळचे. तिकडं त्यांचा कारखाना आहे. नाटकाचा नाद लागला म्हणून उतरले होते, माणूस दिलदार. पण दिलदार माणूससुद्धा कधीतरी थकतोच.

ते मामांना म्हणाले, "भरतेशराव, रिकाम्या खुर्च्यांपुढं पोरांना नाचवायला मला जड जातंय. शनिवारी संध्याकाळी तक्ता बघायला येतो. निम्मा भरला असला तर दहाच्या दहा प्रयोग करू. न्हाईतर रविवारचा शेवटचा."

मामांनी घरी येऊन सांगितलं. प्राची रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं मामा आजही म्हणतात.

ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला एकदा भरलेल्या हाऊसपुढं गायचंय. एकदाच. मग तुम्ही सांगाल ते करते."

काय करणार बाप?

आता तक्ता म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच झाला. तक्ता म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. तिकीटखिडकीवर लावलेला असतो. खुर्ची गेली की तिच्या चौकोनावर फुली मारतात. पण या नाट्यगृहात एक जुनी रीत होती. जे कायमचे सभासद असायचे, त्यांची खुर्ची ठरलेली. त्यांच्या चौकोनात फुली नाही, नाव लिहायचं. नाव लिहिलं की ती खुर्ची त्यांची. आले तरी त्यांची, न आले तरी त्यांची. दुसऱ्या कुणाला तिथं बसवायचं नाही.

शनिवारी दुपारी मामांनी तक्ता बघितला. अकरा फुल्या होत्या.

खिडकीवरचा माणूस जेवायला गेला होता.

मामांनी पेन्सिल घेतली...

खोटी नावं कुणीही टाकली असती. पाटील, शिंदे, जाधव, काय वाट्टेल ते. मामांनी तसं केलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं लहानपणीचं भरलेलं नाट्यगृह उभं राहिलं आणि हात आपोआप चालायला लागला. ए रांगेत कोपऱ्याला गुळाचे व्यापारी रामगोंडा. त्यांच्या शेजारी राहीबाई नर्स. बी रांगेत दादासो टेलर, त्यांचे दोन भाऊ. सी रांगेत सातव्या खुर्चीत रहिमतपूरचे सुभेदार लालासाहेब, जे प्रयोगाला एसटीनं यायचे आणि गाणं आवडलं की उभं राहून सलाम ठोकायचे.

प्रत्येकाचं खरं नाव. प्रत्येकाची खरी खुर्ची.

एकूण दोनशे सहा नावं. सगळी गेलेली माणसं.

लिहिताना वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं, असं मामा म्हणतात. जुन्या ओळखी निघाव्यात तसं. आणि एकेक नाव लिहिताना ते पुटपुटत होते, "या बरं का. पोरीचं गाणं हाय. नक्की या."

संध्याकाळी उदयसिंह आले. तक्ता बघून त्यांचा चेहराच उजळला. शिरवळच्या माणसाला सांगलीतलं कोण जिवंत, कोण मेलेलं, काय ठाऊक? त्यांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "दहा काय, पंचवीस करू!"

रविवार उजाडला.

चार वाजता समोर मोजून अकरा माणसं. उदयसिंहांना कारखान्यात काम निघालं, ते आले नाहीत. मामांनी मनोमन देवाचे आभार मानले. म्हटलं, आजचं तर निभावलं, पुढचं पुढं.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली.

तिसरी घंटा झाली आणि दिवे मंदावले. मामांनी ऑर्गनवर हात ठेवला.

तेवढ्यात मागं आवाज आला...

खट्.

त्या नाट्यगृहातल्या खुर्च्या मुडपणाऱ्या. बसायची फळी हातानं खाली दाबायची, उठलं की आपोआप वर जाते. ती खाली होताना असा आवाज होतो. मामांना वाटलं, कुणीतरी उशिरा आलं असेल.

खट्. खट्.

मग एकदम चार-पाच ठिकाणी.

मामा नांदी वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांनी मान वळवली. ऑर्गनवाला स्टेजच्या खाली, एका बाजूला बसतो. त्याला प्रेक्षक दिसतात. स्टेजवरच्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड असतो, त्याला समोर नुसता काळोख दिसतो. हे लक्षात ठेवा.

मामांना काय दिसलं?

कुणीच नाही.

पण ए रांगेतली कोपऱ्यातली फळी खाली होती. शेजारची खाली होती. बी रांगेतल्या तीन खाली होत्या. वर जात नव्हत्या.

हात मात्र वाजवतच राहिले. पन्नास वर्षांची सवय.

मग वास आला... हिना अत्तराचा. त्यात विड्याचा. हल्ली कोण लावतं हो हिना?

पडदा उघडला. प्राची आली. पहिलं पद सुरू झालं आणि मामांना कळलं की आज पोरगी वेगळंच गातेय. समोर भरलेलं हाऊस असलं की गाणाऱ्याला ते न बघता कळतं. तिलाही कळलं होतं. तिचा आवाज असा लागला की मामा सांगताना आजही डोळे पुसतात.

समेवर आली... आणि मागून आवाज आला.

"व्वा!"

एकाचा नाही. खूप जणांचा.

ती अकरा माणसं चुळबुळायला लागली. मागं वळून बघायला लागली. एक बाई पर्स काखोटीला मारून उठली आणि जवळजवळ पळतच दाराकडं गेली. मध्यंतरापर्यंत त्यातली चार उरली. चहा प्यायला गेली ती चारही आली नाहीत.

म्हणजे दुसऱ्या अंकाला तिथं जिवंत असं प्रेक्षकांत कुणी नव्हतं.

मामांनी मध्यंतरात आत जाऊन प्राचीला सांगायचं ठरवलं होतं. आत गेलेही. ती आरशापुढं बसली होती. चेहरा असा फुललेला, मामांनी लहानपणानंतर तसा बघितला नव्हता.

ती म्हणाली, "बाबा, ऐकलंत? लोक कसे दाद देतायत! माझ्या अंगावर काटा आला."

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "लय भारी गातीयास."

आणि परत येऊन ऑर्गनवर बसले. हे त्यांचं चुकलं का? मला नाही सांगता येत. तुम्ही बाप असाल तर तुम्ही सांगा.

शेवटचं पद भैरवीचं. भैरवी झाली की नाटक संपलं, पडदा पडायचा. प्राचीनं भैरवी गायली, हात जोडले.

आता पडदा पडणार...

मग सी रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

"वन्स मोअर!"

संगीत नाटकात वन्स मोअर आला की गाणारी ऑर्गनकडं बघते. ऑर्गनवाल्यानं सूर धरला की गाणं पुन्हा. आणि मामांच्या वडिलांची शिकवण होती की रसिकानं मागितलेला वन्स मोअर नाकारायचा नाही. गळा फाटला तरी चालेल, पण नाकारायचा नाही. हीच शिकवण मामांनी पोरीला दिली होती.

प्राचीनं हसून मामांकडं बघितलं. मामांनी सूर धरला.

ती पुन्हा गायली.

"वन्स मोअर!"

तिसऱ्यांदा गायली. चौथ्यांदा. प्रत्येक वेळी मागणारे वाढत होते. सहाव्या वेळी तिच्या गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या होत्या, पण ती हसतच होती. मामांनी ठरवलं, आता पुरे. त्यांनी भात्यावरचा पाय उचलला.

ऑर्गन थांबला नाही...

त्यांनी हात उचलले. पट्ट्या आपोआप दबत होत्या. एकेक, सावकाश, अगदी त्यांच्या वडिलांच्या ढंगानं.

मामांनी विंगेतल्या कोंडीबाला हातानं खूण केली, पडदा टाक. कोंडीबा म्हणजे नाट्यगृहाचा जुना नोकर, पडदा आणि दारं तोच सांभाळतो. त्यानं दोरी सोडली. पडदा हलेना. कोंडीबा दोरीला लोंबकळला. पडदा जागचा हलेना!

बापासमोर पोरगी गात होती आणि बापाला काही करता येत नव्हतं. मामा ओरडले, "प्राची, थांब गं!" पण टाळ्या एवढ्या होत्या की स्वतःचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला नाही.

दिवेलागणीला सगळं आपसूक थांबलं. एकेक फळी वर गेली. खट्... खट्... खट्... दाराकडं जाणारी पावलं वाजली नाहीत.

प्राची घरी येताना मामांच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "बाबा, आता मेले तरी चालेल."

मामा म्हणाले, "गप गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. रहिमतपूरहून. एक बाई बोलत होत्या.

"आवं, भरतेशभाऊ न्हवं? मी विजयमाला, लालासाहेब सुभेदारांची सून. मामंजी काल गेलं. जाताना तुमचं नाव घेत हुतं, म्हणून नंबर शोधून कळवतीया."

सुभेदार जिवंत होते? त्यांना तर वाटत होतं, माणूस जाऊन दहा वर्षं झाली. कुणीतरी तसं सांगितलं होतं.

"कवा गेले?"

"काल दुपारी, चारच्या ठोक्याला. तीनपासनं नुसतं कोट द्या, कोट द्या. सांगलीला नाटकाला बोलावलंय म्हणं, खुर्ची राखलीया म्हणं. आमी म्हटलं, एक्याण्णव वर्साचं माणूस, बडबडतंय. कुणी बोलावलं हुतं काय वो?"

मामांनी फोन ठेवून दिला.

पेन्सिलीनं लिहिलेलं एक नाव. आपण काय करून बसलो, ते मामांना तेव्हा कळलं. ते तडक नाट्यगृहात गेले, तक्ता काढून घेतला, घरी आणला आणि परसातल्या पाण्याच्या बंबात घातला. नावंच राहिली नाहीत तर बोलावणंही राहणार नाही, असा साधा हिशोब.

आतल्या खोलीत प्राची रियाज करत होती.

तक्ता पेटला.

आणि प्राचीचा आवाज मध्येच तुटला... वरच्या षड्जावर. दार बंद करावं तसा.

मामी धावल्या. प्राची तंबोरा मांडीवर घेऊन तोंड उघडून बसली होती. तोंडातून नुसती हवा येत होती.

सांगलीत दाखवलं, मिरजेत दाखवलं, पुण्यात दाखवलं. दुर्बीण घालून बघितलं. सगळे डॉक्टर एकच म्हणतात, गळ्यात काही दोष नाही, आवाज यायला पाहिजे. मामींनी जैन मंदिरात नेलं, मूर्तीवर शांतिधारा केली. मामांनी नवा तक्ता आणून त्यावर दोनशे सहाच्या दोनशे सहा नावं पुन्हा लिहिली. काही झालं नाही.

नाटक बंद पडलं. नायिकाच मुकी झाली, उदयसिंह तरी काय करणार? ज्या नाटकासाठी एवढं केलं, ते पाच प्रयोगांत संपलं.

मार्चमध्ये नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद झालं. कुलूप लागलं. किल्ली कोंडीबाकडं.

एका रविवारी दुपारी चारच्या सुमारास मामा आणि प्राची घरात बेदाणे निवडत बसले होते. फोन वाजला. कोंडीबा होता.

"मालक, ताईंचा गळा बरा झाला व्हय?"

"न्हाई रं. का?"

"मग आत कोण गातंय?"

"कुठं आत?"

"कुलूप माझ्या हातात हाय, मालक. तुमीच ऐका."

त्यानं फोन दाराला लावला. मामांना ऐकू आलं... भैरवी. प्राचीचा आवाज. बापाला ओळखायला चूक होईल का?

मामांनी समोर बघितलं. प्राची खाली मान घालून बेदाण्याच्या काड्या काढत होती. ओठ घट्ट मिटलेले.

गळ्याच्या शिरा मात्र फुगलेल्या होत्या. फोनमधला सूर वर चढला की त्या ताठ व्हायच्या. सूर उतरला की सैल.

फोनमध्ये गाणं संपलं. टाळ्या झाल्या. आणि कोण काय म्हणालं, ते सांगायला नकोच.

प्राचीनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. तिनं मानेनंच मामांना विनवलं... नको, आता नको. आणि शिरा पुन्हा फुगल्या.

मामांनी फोन फेकून दिला. त्यानं काय होणार होतं?

पुढच्या रविवारी चारच्या आत मामा नाट्यगृहात गेले. कोंडीबानं कुलूप काढलं, पण आत पाऊल टाकलं नाही. आत पत्र्याच्या झरोक्यातून ऊन येत होतं. खुर्च्यांवर धूळ होती. आणि चारशे खुर्च्यांपैकी दोनशे सहा फळ्या खाली होत्या.

मामा स्टेजवर चढले. मधोमध उभे राहिले. हात जोडले.

"मायबाप, मी तुमाला बोलावलं. चूक माझी हाय. पोरगी माझी लय साधी हाय वो. तिनं तुमचं सगळं ऐकलं. आता तिचा आवाज तिला परत द्या. पाया पडतो तुमच्या. तुमाला पायजे तर माझं काय बी घ्या, पण तिला सोडा."

आणि पासष्ट वर्षांचा माणूस त्या धुळीत कपाळ टेकून लहान पोरासारखा हमसून रडला.

कबुतरंसुद्धा गप्प.

चार वाजून गेले तरी गाणं सुरू झालं नाही. घरी प्राचीचा गळाही हलला नाही, हे मामींनी नंतर सांगितलं. मामांना वाटलं, ऐकलं त्यांनी. देव पावला.

मग टाळ्या सुरू झाल्या...

आधी एक, मग दहा, मग सगळे. कडकडाट झाला. सी रांगेत कुणीतरी उभं राहिल्याची फळी वाजली.

"वन्स मोअर!"

मामांनी मान वर केली. त्यांना काही कळेना. ते रडणंच त्यांना आवडलं होतं.

"वन्स मोअर!"

मामांनी पुन्हा हात जोडले. पुन्हा सगळं पहिल्यापासून म्हणाले. पुन्हा कपाळ टेकलं. पुन्हा रडले.

कारण ते जितका वेळ रडतात, तितका वेळ तिकडं घरी पोरीला गावं लागत नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलंय. दुरुस्तीचं काम अडलंय, नाट्यगृह अजून बंद आहे. मामा दर रविवारी जातात. गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. आत नाही गेलो, खोटं कशाला बोलू, माझी छातीच झाली नाही. कोंडीबाशेजारी दाराबाहेर उभा राहिलो. आतून मामांची विनवणी ऐकू येत होती, शब्दाला शब्द तीच. मधे मधे टाळ्या.

मी चौदा वेळा मोजलं.

मामा बाहेर आले तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता. हल्ली तो आठवडाभर सुटत नाही. मी म्हणालो, "मामा, आवाज गेला तर पुढच्या रविवारी काय करणार?"

त्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, दोन घोट प्याले आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागले.